शिफारशीचा फोन कॅज्युअल्टीत नको

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सविनय नमस्कार.

७ जून २०२५ रोजी, सुट्टीच्या दिवशी, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) कॅज्युअल्टीत आपण कॅमेऱ्यासमोर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला झापलेत, निलंबनाचा आदेश दिलात. मुख्यमंत्र्यांनी निलंबन थांबवले, आपण माफीही मागितलीत. पण तो अधिकारी ज्या मुद्द्यावर अडून राहिला, तो तसाच पडून आहे.

वाद बी-१२ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा होता: ते तातडीचे नाही म्हणून कॅज्युअल्टीत दिले नव्हते. या जीवनसत्त्वाची कमतरता एका रात्रीत होत नाही. यकृतातला साठा संपायला वर्षे लागतात. इंजेक्शन एक दिवस पुढे गेले तर कोणी दगावत नाही. ट्रायाजमध्ये, म्हणजे कोणाला आधी तपासायचे हे गांभीर्यावरून ठरवताना, असा रुग्ण हिरवाच, म्हणजे थांबू शकणारा. दारातच परिचारिका नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ऑक्सिजन, शुद्ध पाहून रंग ठरवते. छातीत दुखत असेल तर ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत, त्याआधी सीटी. नेमका तेव्हाच शिफारशीचा फोन येतो. डॉक्टर फोनवर, परिचारिका ‘साहेबांच्या माणसा’साठी ट्रॉली शोधायला, सीटीचे टेबल अडवलेले. मागे ढकललेल्याला कोणी नकार दिलेला नसतो, म्हणून त्याची नोंदही कुठे होत नाही!

ज्याच्यासाठी हा आटापिटा, त्याचेही नुकसानच: चार तज्ज्ञ, नको त्या चाचण्या आणि संकोचापोटी राहून गेलेली साधी तपासणी. ‘व्हीआयपी सिंड्रोम’ हे नाव याला १९६४ पासून आहे. आणि चारचौघांत अपमान झालेल्या डॉक्टरला पुढच्याच क्षणी कुणाच्या तरी श्वासनलिकेत नळी घालायची असते. उद्यापासून तो काय शिकणार? वाद नको, देऊन टाका इंजेक्शन.

हे दुखणे एकट्या गोव्याचे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सने खासदारांसाठी खास व्यवस्थेचे पत्र काढले. डॉक्टरांच्या विरोधानंतर काही दिवसांत ते मागे घ्यावे लागले. पत्र गेले, वशिला राहिला. जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. त्यात आमदाराची चिठ्ठी कुठे बसते, हे एकदा विधानसभेत सांगा.

प्रत्येक पाळीत, सुट्टीलाही, ट्रायाजला वेगळी परिचारिका द्या. तिला दुसऱ्या कामाला हलवू नका. केसपेपरवर रंग आणि वेळ हवीच. कॅमेरा दाराबाहेर. सुट्टीच्या दिवशी इंजेक्शन-ड्रेसिंगची खोली दोन तास तरी उघडा. ओपीडी बंद म्हणूनच हिरवे रुग्ण कॅज्युअल्टीत येतात, त्यात त्यांचा दोष नाही. शिफारशीचा फोन वैद्यकीय अधीक्षकांकडेच जावा, आणि कोणी, कोणासाठी, किती वाजता केला हे वहीत लिहिले जावे. त्या वहीतली पहिली नोंद आपल्या कार्यालयाची असली तरी ती पुसली जाऊ नये.

आपला,
आपत्कालीन विभागातील एक डॉक्टर