पिग्मीचं कार्ड

रिचमंड, २६ फेब्रुवारी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे जमलं नसतं. मध्येच आईचा कुकर होतो आणि बाबा "ठेव गं, बिल वाढतंय" म्हणतात.

इथे फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. आमच्या बँकेत फलक, भाषणं, केक असं सगळं होतं. आपल्याकडच्या हिंदी पंधरवड्यासारखं. मी दरवर्षी केक खाऊन सटकते. यंदा आमच्या विभागप्रमुख बाई बोलल्या. एकतीस वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या एका बँकेत काउंटरवर लागल्या. त्यांची खिडकी मोकळी असली तरी माणसं शेजारच्या रांगेत थांबायची. "मग मी मोजलेल्याच नोटा पुन्हा मोजायचे," असं हसत म्हणाल्या, पण बोटं टेबलावर नोटा सरकवत होती. बाबा, तुमची टीव्ही बघताना हलतात तशीच.

मला मान वर करवेना. आई, तुला सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी मी याच बाईंच्या हातात कागद देऊन झेरॉक्स काढून मागितली होती. त्यांनी काढून दिली. दहाच्या मीटिंगला बघते तर मुख्य खुर्चीत त्याच! घर घेताना "काळ्यांची वस्ती नाही ना गं?" म्हणालीस तेव्हा मी तुझ्यावर केवढी चिडले होते. कुठल्या तोंडाने, कोण जाणे.

शनिवारी त्या मला मॅगी लीना वॉकर यांचं घर दाखवायला घेऊन गेल्या. जॅक्सन वॉर्डमधलं ते घर सरकारने जपलंय. म्हातारपणी मॅगीबाई चाकांच्या खुर्चीत होत्या, म्हणून घरात लिफ्टसुद्धा बसवलेली. त्यांची आई लोकांचे कपडे धुवायची. लेकीने १९०३ साली याच गावात सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. अमेरिकेत बँक स्थापून तिची अध्यक्ष झालेली ही पहिली कृष्णवर्णीय बाई. त्याआधी, १८६५ साली, गुलामीतून सुटलेल्यांसाठी निघालेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली होती. एकसष्ट हजारांवर खातेदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. त्यानंतर पै-पै मागायला दारात उभं राहायचं म्हणजे काय, हे बाबांना सांगायला नको. आपल्या पेठेतली पतपेढी बुडाली, तेव्हा तुमची संस्था वेगळी असूनही लोकांनी तुमच्याकडे पिग्मीची कार्डं परत केली होती. मॅगीबाईंनी मात्र धुणीभांडी करणाऱ्या बायका जोडल्या, पोरांनाही पेनी-पेनी साठवायला लावलं. १९३० च्या मंदीत बँक दुसऱ्या बँकेत विलीन करून तगवली.

बाहेर पडताना बाईंनी विचारलं, "तुझे वडील काय करायचे?" आजवर मी "बँकेत होते" एवढंच म्हणायचे. त्या दिवशी म्हटलं, पिग्मी एजंट. त्या दचकल्याच! तो शब्द आफ्रिकेतल्या बुटक्या माणसांसाठी वापरतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग सायकल, दारोदार जाऊन गोळा केलेली रोजची पाच-दहा रुपयांची बचत, पानवाला, भाजीवाली, सगळं समजावलं. तासभर प्रश्न विचारत होत्या.

त्यांना ते कार्ड बघायचंय. आई, माळ्यावरच्या ट्रंकेत औषधांच्या चिठ्ठ्यांखाली एक गठ्ठा आहे. उजेडात फोटो काढ, दोन्ही बाजूंनी. मागे बाबांच्या सह्या आहेत.

तुमची,
नंदू