सही केली नाही

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी बसा, मग वाचा. मी कॉलेजची नोकरी सोडली. सोमवारी राजीनामा दिला आणि तुम्हाला शुक्रवारी कळवतेय. रागवायचं तर या उशिरावर रागवा.

कबड्डीच्या सेमीफायनलला पकड करताना आमच्या अकरावीतल्या पोराचं डोकं चढाई करणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. उठला, हसला आणि "मॅडम, स्कोअर किती?" हे पाच मिनिटांत चारदा विचारलं. सीटी स्कॅन स्वच्छ आला. पण कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही, आणि मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या दिवशी फायनल. वरून निरोप आला, "तंदुरुस्त आहे" अशी सही करा, हमीपत्र आहेच. ते हमीपत्र 17 वर्षांच्या पोराच्या सहीचं! अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचा करार कायद्यात टिकतच नाही. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेवर, कन्कशनवरूनच दावा लावला. माजी खेळाडूंच्या तपासणीसाठी 7 कोटी डॉलरची तडजोड 2019 मध्ये कोर्टाने मंजूर केली. आपल्याकडे सगळं निस्तरायला मॅडमची सही पुरते. मी नाही केली. तो बाहेर बसला, फायनल हरलो, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पैशांची काळजी नको. घराचे हप्ते मार्चमध्येच संपले. औषधांचे पैसे एक तारखेला येतील, आईचा गुडघ्याचा पट्टाही घेऊन ठेवलाय.

तुम्ही म्हणाल, आम्ही नाही का खेळलो? खेळलात. इस्लामपूरचा करंडक मी अजून पुसते. पण नंतरच्या दुपारीही आठवतात. आई खिडकीला चादर लावायची, मी आणि दादा ओसरीवर आवाज न करता पत्ते कुटायचो, "बाबांचं डोकं" म्हणून. त्या सामन्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही हं. तेव्हा कुणी तुम्हाला बाहेर बसवायला हवं होतं, एवढंच.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तोवर माळ्यावर चढायचं नाही. डोकं कुठेही आपटलं, खरचटलंही नसलं, तरी लगेच डॉक्टरकडे. आईपासून लपवायचं नाही. आई, न्हाणीतला तो गुळगुळीत पाट आजच काढ, आणि यांचं "काही नाही झालं" मनावर घेऊ नकोस.

पोरगा काल घरी येऊन गेला. उजेडाचा अजून त्रास होतो. गणपतीत तुम्ही इथे विसरलेली टोपी त्याला देऊन टाकली, बाबा. तुम्हाला दुसरी आणते.

तुमची,
ठमी