चादरी पुष्कळ झाल्या, आता कुलपं हवीत

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आमच्या समितीकडे चादरींचे गठ्ठे यायला लागतात. देणाऱ्यांचे आभार आहेतच. पण उघड्यावर झोपणाऱ्या माणसाने सकाळ झाल्यावर त्या चादरी ठेवायच्या कुठे, हे आम्ही कित्येक वर्षं स्वतःला विचारलंच नव्हतं. पाठीवर बोचकं घेऊन आलेल्याला कोणी कामावर उभं करत नाही, आणि बोचकं सोडून गेलं तर संध्याकाळी ते जागेवर सापडत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी पोटाला बांधलेली प्लास्टिकची पिशवी आमच्या टेबलावर सोडली. आत ओळखपत्र, दवाखान्याचे कागद, जुन्या नोकरीचा दाखला. घड्या एकमेकींना चिकटलेल्या, शाई फुटलेली. दाखल्यावरचं नाव तेवढं लागत होतं. नवीन दाखला काढायचा तर अर्जात पत्ता लिहावा लागतो. तो रकाना आम्ही दोघंही बराच वेळ बघत बसलो.

म्हणून यंदा दिवसा उघडं राहणारं एक केंद्र सुरू करायचं ठरवलं आहे. तिथे कुलूप लागणारी कपाटं असतील, पत्रं येण्यासाठी पत्ता मिळेल, अंघोळीची आणि कपडे धुण्या-वाळवण्याची सोय असेल. पायांची तपासणीसुद्धा. ओल्या बुटांत तासन्‌तास राहिलेला पाय पांढरा पडतो, सुजतो, बधिर होतो; दुर्लक्ष झालं तर कातडी सोलून जखम चिघळते. त्यासाठी थंडी गोठवणारीच असावी लागते असं नाही. कोरडे मोजे मात्र देणगीत जवळजवळ कधीच येत नाहीत. वापरलेले नकोत, नवे द्या.

केंद्राच्या नियोजनात स्वतः रस्त्यावर राहिलेली तीन माणसं बसतात. आमचा पहिला आराखडा त्यांनी पाचच मिनिटांत मोडीत काढला. आम्ही दार संध्याकाळी पाचला बंद करणार होतो; ‘कामावरून सुटलेला माणूस सामान घ्यायला येणार कधी?’ एवढंच त्यांनी विचारलं. आता दार रात्री नऊपर्यंत उघडं राहील.

केंद्र म्हणजे घर नव्हे, हे आम्हालाही कळतं. आधी दारू सोडा, औषधं नियमित घ्या, मग घराचं बघू, अशी जुनी रीत होती. 1992मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेने ती उलटी केली: आधी किल्ली हातात, बाकीची मदत मागाहून. फिनलंडने 2008पासून हेच धोरण देशभर राबवलं आणि रात्रनिवाऱ्यांच्या इमारतींचं भाड्याच्या छोट्या घरांत रूपांतर केलं. इमारती बांधणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण तुमची एखादी खोली वर्षानुवर्षं बंद पडून असेल, तर ती भाड्याने द्या. करार समितीच्या नावाने होईल, भाडंही समितीच भरेल. शेजारी काय म्हणतील ही धास्ती असेल तर त्यांच्याशी बोलायला आम्ही येऊ. आतापर्यंत हे काम आम्हाला भाडं जमवण्यापेक्षा जड गेलं आहे.

पैशांची देणगी अर्थातच हवी. पावती मिळेल, आणि तिमाही हिशेब केंद्राच्या दारावर लावला जाईल. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दिलीत तर बरं, कारण भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

केंद्र उघडण्याआधी उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी करायची आहे. किती कपाटं लागतील, बायकांसाठी वेगळी सोय किती हवी, हे अंदाजाने ठरवायचं नाही. मोजणी रात्रीच करावी लागते, कारण दिवसा ही माणसं गर्दीत मिसळलेली असतात. तिघातिघांच्या गटाने फिरायचं. झोपलेल्याला उठवायचं नाही, तोंडावर टॉर्च मारायचा नाही, फोटो काढायचा नाही. ओळखीच्यांच्या घरात जमिनीवर पथारी टाकून दिवस काढणारे या मोजणीत येणारच नाहीत. तसं कोणी तुम्हाला माहीत असेल, तर त्यांना विचारून आम्हाला कळवा.

मोजणीसाठी चाळीस जण हवेत, सध्या सतरा आहेत. नाव देताना रात्री किती वाजेपर्यंत थांबू शकाल तेही लिहा. पहाटे दोन ते चारसाठी अजून कोणीच मिळालेलं नाही.

आपली,
बेघर साहाय्य समिती