सूचना : रविवारचं शूटिंग, इंदूरच्या सराफ्यात

मंडळी, आपल्या फिल्मच्या दोन मिनिटांच्या ओपनिंगचं शूटिंग येत्या रविवारी रात्री सराफ्यात. दागिन्यांची दुकानं मिटतात आणि त्यांच्याच पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, हा बदलच आपला पहिला शॉट. म्हणून आठच्या आत पोहोचा. (भुट्ट्याचा कीस पॅकअपनंतर. तो कुठे पळून जात नाही.)

शॉटलिस्ट शुक्रवारपर्यंत द्या. ‘तिथे गेल्यावर बघू’ चालणार नाही, त्या गर्दीत काही सुचत नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. दोन पात्रांमधली १८० अंशांची रेषा (दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा) कॅमेऱ्याने ओलांडू नका, नाहीतर कोण कुठल्या बाजूला ते कळत नाही. बाजाराचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा घ्या, एडिटिंगला लागतोच.

दुकानदारांची परवानगी मागायला कोण जातंय, ते आजच कळवा.