आम्हाला निदान पाण्याच्या ग्रुपवर तरी घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नवीन घर कसं सजवावं यावर पानभर लेख आलाय, पडदे भिंतीला मॅच कसे करावेत, बाल्कनीत कुठली झाडं लावावीत वगैरे. लेख छान आहे, फोटो तर अजूनच छान, पण मी तो एका खोक्यावर बसून वाचला आणि त्या खोक्यावर माझ्याच अक्षरात 'किचन ३, नाजूक' लिहिलंय आणि आत मुलांचे स्वेटर आहेत. मिसळणाचा डबा अजून सापडलेला नाही. चार दिवस आमटीला फोडणी म्हणजे नुसतं तेल आणि समोरच्या किराणावाल्याकडून आणलेली मोहरीची पुडी. भिंतीचा रंग म्हणाल तर तो मालकांचा आहे आणि खिळा ठोकायचा नाही असं करारात लिहिलंय, त्यामुळे आमच्या लग्नाचा फोटो फ्रीजवर टेकवून ठेवलाय.

आम्ही भाड्याने राहतो. नऊ वर्षांतलं हे पाचवं घर. आधी कर्वेनगर, मग कर्वेनगरातच पलीकडची गल्ली, मग वारजे, मग धायरी आणि आता नऱ्हे. नकाशा काढून बघितलात तर आम्ही दर वेळी थोडे थोडे गावाबाहेर ढकलले गेलोय हे दिसेल, पण आम्ही जिथे जातो तिथे आमच्या आधीच महापालिका पोचलेली असते. धायरी २०१७ मध्ये हद्दीत आलं आणि नऱ्हे २०२१ मध्ये. नवरा म्हणतो पुढचं घर घेऊ ते थेट खेड शिवापूरला, म्हणजे टोलनाका तरी वाचेल.

घरात आम्ही दोघं, मुलगी सहावीतून सातवीत, मुलगा दुसरीत आणि सासूबाई. यंदा अडचण अशी झाली की धायरीच्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना फ्लॅट हवा झाला, त्यात त्यांचं काही चुकलं नाही, महिनाभर आधी त्यांनी सांगितलं होतं. पण परीक्षा होईपर्यंत मुलांना हलवता येत नाही, आणि १७ मेपासून अधिक महिना लागतोय म्हणजे सासूबाई नव्या घरात पाऊल टाकणार नाहीत, आणि तो संपतो १५ जूनला, म्हणजे शाळा उघडायच्या वेळी. त्यामुळे मधले जेमतेम दोन आठवडे आणि त्या दोन आठवड्यांत अख्खं पुणे घर बदलत असतं. छोटा हत्ती मिळेना. एरवी एवढ्याशा अंतराला जे भाडं घेतात त्याच्या दीडपट सांगत होते आणि वर हमाली वेगळी, तिसऱ्या मजल्याच्या वर गेलं की मजल्यामागे वेगळी.

आम्ही सातव्या मजल्यावर आलोय. आता तुम्ही म्हणाल लिफ्ट आहे ना. लिफ्ट आहे, दोन आहेत, पण शिफ्टिंगला एकच, आणि ती सकाळी दहा ते दुपारी एक आणि तीन ते पाच, रविवारी बंद, आणि कपाट-पलंग लिफ्टमधून न्यायचं नाही. हे सगळं आम्हाला गेटवर टेम्पो उभा केल्यावर वॉचमन काकांनी सांगितलं. नंतर सोसायटीच्या ऑफिसातून तीन हजारांची पावती हातात दिली, 'शिफ्टिंग चार्जेस, नॉन-रिफंडेबल'. मी विचारलं हे कशाचे, तर म्हणाले लिफ्टच्या झीजेचे. म्हटलं कपाट तर जिन्यानेच चाललंय. तर म्हणाले मग जिन्याच्या झीजेचे. खोटं नाही सांगत, अगदी हेच शब्द.

बरं, पैसे दिले. वाद घालायला वेळ नव्हता, टेम्पोवाला तासावर होता आणि सासूबाई देवांचा डबा मांडीवर घेऊन वॉचमनच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचं सगळं पक्कं असतं, आधी देव जाणार, मग मीठ, हळद-कुंकू आणि तांदूळ, मग दूध उतू घालायचं, त्याशिवाय एक पिशवी पण उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. आणि इकडे गॅसची बोंब. धायरीला सिलेंडर होता, इथे पाइपचा गॅस आहे, आणि सिलेंडरची शेगडी पाइपच्या गॅसवर नुसती जोडून चालत नाही, तिचं नोझल बदलावं लागतं, माणूस येणार परवा. शेवटी शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि ओळख ना पाळख, त्या वहिनींनी स्वतःचं इंडक्शन आणि वर एक बुटकं पातेलं पण दिलं, म्हणाल्या उंच पातेल्यात दूध लवकर उतू जात नाही हो. त्या पण भाडेकरूच निघाल्या, दीड वर्षापूर्वी त्यांनी पण हेच केलं होतं.

सासूबाई मूळच्या नारायण पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, वाडा गेला, आणि नंतर त्यांचं बिऱ्हाड गोखलेनगरला गेलं. घर बदलायचं म्हटलं की त्यांच्या डोक्यात ते सुरू होतं. त्या दिवशी तीन हजारांची पावती बघून म्हणाल्या, "आम्ही एक पातेलं आणि देव घेऊन पळालो होतो, पण तेव्हा कोणी रहिवासाचा पुरावा नाही मागितला."

कारण खरा त्रास सामानाचा नाहीच. सामान दोन दिवसांत हलतं, पत्ता हलायला वर्ष लागतं, आणि करार असतो अकरा महिन्यांचा. म्हणजे पत्ता पूर्ण बदलून होईपर्यंत परत बदलायची वेळ येते. आधार कार्डाला माणशी ७५ रुपये आणि त्याला नोंदणी केलेला करार लागतो, करार असतो नवऱ्याच्या नावावर म्हणून पहिलं त्याचं आधार बदलायचं, मग कुटुंबप्रमुख म्हणून त्याच्या आधारावर आमचं. ही कुटुंबप्रमुखाची सोय चांगली केलीय, २०२३ पासून ऑनलाइन होतं, नाहीतर सासूबाईंना रांगेत उभं करावं लागायचं. मग बँक, मग पॉलिसी, मग रेशन कार्ड. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा, तो आमचा राहूनच गेला आणि १५ जानेवारीला महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा आमची नावं अजून कर्वेनगरच्या यादीत. पाणी-रस्ते धायरीचे भोगायचे आणि नगरसेवक निवडायचा कर्वेनगरचा. तरी गेलो, स्कूटरवर दोन फेऱ्या करून सासूबाईंना पण नेलं, आधीची निवडणूक २०१७ ची, म्हणजे नऊ वर्षांनी संधी आली होती ती कशाला घालवा.

शाळेचं एक लिहितेच कारण अनेकांना उपयोग होईल. आधीच्या शाळेने मुलाचा दाखला अडवून ठेवला, टर्म फीचा काहीतरी हिशेब राहिलाय म्हणे, आणि नवी शाळा म्हणे दाखल्याशिवाय घेणार नाही. मी रडकुंडीला आले होते. मग माझ्या मावसबहिणीने, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ बघ. त्यात लिहिलंय की आधीच्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. मी ते पान प्रिंट काढून मुख्याध्यापिकांसमोर ठेवलं. वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या उद्यापासून नाव घेते, दाखला सावकाश आणा. अर्धी भांडणं माहितीअभावी होतात की माहिती आहे हे समोरच्याला माहीत नसल्यामुळे, देव जाणे.

कराराचं पण तसंच. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तरी वारज्याचे मालक म्हणाले होते पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू, कशाला खर्च. खर्च किती आहे बघा, मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेचा थोडा हिशेब मिळवतात, म्हणजे आमच्या साडेसोळा हजार भाड्याला पाचशेच्याही आत, आणि नोंदणी फी शहरात एक हजार. बाकी जे तीन-साडेतीन हजार होतात ते अंगठे घ्यायला घरी मशीन घेऊन येणाऱ्या एजंटचे. आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी करण्यात मालकाचाच जास्त फायदा, पण हे मालकांना कोण सांगणार, आम्ही सांगितलं तर 'फार कायदा कळतो' म्हणून दुसरा भाडेकरू बघतात.

अनामत रकमेवर लिहिलं तर पत्र संपणार नाही. एवढंच सांगते की एका घरी रंगकामाचे म्हणून बावीस हजार कापले आणि आठवड्याने आम्ही राहिलेली टपाल घ्यायला गेलो तर नवीन कुटुंब राहायला आलेलं आणि भिंतीवर आमच्याच मुलीची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा तशाच. मुलगी म्हणाली आई माझ्या रेघा. त्या बाईंनी पण खोडल्या नव्हत्या, त्यांच्या मुलाच्या पुढे सुरू केल्या होत्या.

तर मुद्दा. मी हे पत्र शिफ्टिंग चार्जसाठी लिहीत नाहीये, ते तीन हजार गेले. मुद्दा पाण्याचा आहे. इथे टँकर येतो. कधी कॉर्पोरेशनचं पाणी, कधी टँकर, आणि टाकी साफ करायची असली की सकाळी दोन-तीन तास बंद. हे सगळं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. आणि त्या ग्रुपवर फक्त ओनर. आमचे मालक राहतात बंगळुरूला. म्हणजे आमच्या नळाला पाणी येणार नाही हे बंगळुरूत कळतं आणि आम्हाला नळ कोरडा झाला की कळतं. शिफ्ट झाल्याच्या चौथ्या दिवशी नवऱ्याच्या डोक्याला शांपू आणि पाणी गेलं. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांनी डोकं धुतलं त्याने. मालकांना फोन केला तर बिचारे ओशाळले, म्हणाले हो, रात्री मेसेज आला होता, मी मीटिंगमध्ये होतो, फॉरवर्ड करायचं राहिलं.

मी सेक्रेटरींना भेटले. चांगले गृहस्थ आहेत, रिटायर्ड आहेत, सोसायटीसाठी फुकट मरमर करतात हे मान्य. ते म्हणाले, भाडेकरूंना घेतलं तर ग्रुपवर चर्चेत पडतात, मेंटेनन्सवर बोलतात, तो सभासदांचा अधिकार आहे. म्हटलं काका, आम्हाला मत नको, जनरल मीटिंगला बसायचं नाही, हिशेब बघायचा नाही. तुम्ही आमच्या मालकांकडून भाडेकरू ठेवल्याबद्दल नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेता (तो सरकारी आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हे पण मी त्यांना हळूच सांगितलं), तो शेवटी आमच्याच भाड्यात येतो. एक वेगळा ग्रुप करा, त्याला नाव द्या 'फक्त पाणी-लाईट-लिफ्ट', कोणाला लिहिता येणार नाही, फक्त तुम्ही लिहा, अशी सेटिंग असते. माझ्या मुलीने त्यांच्याच फोनवर कुठे असते ते दाखवलं पण.

ते म्हणाले कमिटीपुढे ठेवतो.

आमच्या विंगमध्ये अठ्ठावीस फ्लॅट आहेत, मी वॉचमन काकांना विचारून मोजलं, पंधरात भाडेकरू राहतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त बिल्डिंगला पाण्याची बातमी पोचत नाही. आणि वॉचमन काकांकडच्या वहीत आमचं नाव पण नाही, '७०४ टेनंट' एवढंच. आधीचे होते ते पण '७०४ टेनंट'च. त्यांचं एक कुरियर परवा मलाच दिलं.

सध्या आम्ही पंधरा घरांनी मिळून आमचाच एक ग्रुप केलाय, इंडक्शनवाल्या वहिनी त्याच्या ॲडमिन. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांना, ते ओनर आहेत, आम्ही विनंती केली की सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं पाण्याचं जे असेल ते आम्हाला पाठवत जा. ते रोज न चुकता पाठवतात. पाण्याच्या मेसेजबरोबर गुड मॉर्निंगचं फूल पण पाठवतात, त्याला आमची हरकत नाही.

तरी आपल्या पेपरात सोसायट्यांच्या नियमांचं जे सदर येतं त्यात कोणीतरी जाणकाराने एकदा हे लिहावं ही विनंती, की सभासद नसलेल्या पण तिथेच राहणाऱ्या माणसांना निदान पाणी, वीज, लिफ्ट आणि आग एवढ्या चार गोष्टींची सूचना थेट देणं सोसायटीवर बंधनकारक आहे का, आणि नसेल तर ते का नसावं. आमच्या सेक्रेटरींकडे तुमचाच पेपर येतो, म्हणून मुद्दाम तुम्हाला लिहिलंय.

आपली,
एक वाचक (७०४ टेनंट), नऱ्हे, पुणे

ता. क. : पत्र छापायला दोन-चार महिने लागणार असतील तर पत्त्यात नुसतं 'पुणे' छापा.

दुसरी ता. क. : मिसळणाचा डबा सापडला. 'पुस्तकं १' मध्ये होता.