खुन्याचा शोध पुरे, पाठीचा कणा पाहा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मेरीलँडच्या ‘तळघरातल्या मुला’वरचा लेख वाचला. सगळा भर ‘मारलं कुणी?’ यावर. ते आता कळायचं नाही. जे कळलंय, ते मात्र दोन ओळींत उरकलंय.

लीव्ही नेक इथल्या घराच्या तळघरात राख आणि खाऊन टाकलेल्या हाडांच्या ढिगाखाली पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कसाबसा कोंबून पुरला होता. फासळ्यांवर दुधाचं पसरट, फुटकं मातीचं भांडं. खड्डा बहुधा त्या भांड्यानेच उकरला. तिथल्या १६६४च्या नाण्यावरून मृत्यू १६६५ ते १६७५ दरम्यानचा ठरला. स्मिथसोनियन संग्रहालयाचे हाडांचे अभ्यासक डग्लस आउस्ली यांना त्याच्या मणक्यांवर चकत्या सरकल्याच्या खुणा दिसल्या. इतकं राबणं, त्या वयात! उजवं मनगट मरणाच्या थोडंच आधी मोडलेलं, हात आडवा घालून फटका अडवताना मोडतं तसं.

तो इंग्लंडहून येऊन फार दिवस झाले नव्हते, हे कशावरून? धान्यावरून. मक्यात जड कार्बन (कार्बनचाच थोडा वजनदार प्रकार) गव्हापेक्षा जास्त असतो आणि तो खाणाऱ्याच्या हाडांत उतरतो. याच्या हाडांत गहू होता. ज्वारी-बाजरी मक्याच्या गटातली, तांदूळ गव्हाच्या. माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर बार्शीचं. दात लहानपणीच घडतात, हाड मात्र झिजून नवं होत राहतं. म्हणजे उद्या कुणी तपासलंच, तर माझे दात भात सांगतील (नाचणीने थोडा घोळ होईल, तीही मक्याच्याच गोतातली) आणि हाडं चाळीस वर्षांची कडक भाकरी.

आणखी एक. लेखात त्याला ‘गुलाम’ म्हटलंय. तो करारावरचा नोकर असावा. जहाजाच्या भाड्यापोटी साधारण ४ ते ७ वर्षं राबायचं, असा तो करार. १८३४पासून मॉरिशसला गेलेल्या मजुरांचं ‘गिरमिट’ (म्हणजे ‘ॲग्रीमेंट’, करार) याच जातीचं, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. पण त्यांचं नाव, गाव, उंची निदान सरकारी वह्यांत उतरली. या मुलाचं नावसुद्धा कळलेलं नाही.

त्याच सुमारास शेजारच्या व्हर्जिनियात नोकरांना परस्पर पुरायला बंदी करणारा कायदा झाला. कायदा करावा लागला, म्हणजे अशी तळघरं किती असतील, हे लेखात विचारायला हवं होतं.

— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी