जिताडा जाळ्याला अंग घासत असेल तर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

खाडीत पिंजरे टाकून जिताडा वाढवणाऱ्यांपैकी मी एक. पिंजरा मिळाला, पिल्लं मिळाली, ट्रेनिंगही झालं, पण माशाच्या अंगावरच्या चपट्या कृमींबद्दल तिथे कोणी अवाक्षर काढलं नाही आणि त्यापायी मागच्या उन्हाळ्यात आमचे निम्मे मासे गेले, म्हणून हे लिहितोय.

आधी मासे खायचे कमी झाले, मग जाळ्याला अंग घासायला लागले, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. आम्ही म्हटलं पाणी खराब झालंय, कारण किडा म्हणावा तर अंगावर काहीच दिसत नव्हतं. शेवटी मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या एका मॅडमनी सांगितलं, एक मासा विहिरीच्या पाण्यात ठेवून बघा. बादलीत टाकला आणि पाचेक मिनिटांत तळाला पांढरं काहीतरी जमायला लागलं, मला वाटलं खवलेच सुटले, हातावर घेतलं तर मऊ, भिजलेला साबुदाणा चेपल्यासारखं, ४-५ मिलिमीटरचं. जिवंतपणी हे किडे पारदर्शक असतात म्हणून दिसत नाहीत, गोडं पाणी लागलं की पांढरे पडून सुटतात. नाव निओबेनेडेनिया. मागच्या टोकाला चकती, तिला आकडे, त्यानं चिकटून माशाची कातडी खातात.

पण नुसती आंघोळ घालून भागत नाही, हे दुसऱ्यांदा फटका बसल्यावर कळलं. यांच्या अंड्यांना लांब धागा असतो, तो जाळ्यात गुंततो, अंड्यांना गोड्या पाण्याच्या आंघोळीनं काही होत नाही आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या आत ती फुटून पिल्लं परत त्याच माशांवर, मधे दुसरा कुठला प्राणी लागतच नाही. म्हणून आंघोळीच्या दिवशीच जाळं बदलायचं, जुनं कडक उन्हात वाळवायचं आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा आंघोळ. जपानात हमाची माशावर याच्याच भावकीतला बेनेडेनिया असतो, तिथेही हाच नेहमीचा उपाय. जिताडा तर गोड्या पाण्यातही राहतो, आपल्याला सोपंच.

हे किडे माणसाला लागत नाहीत, तेव्हा कृपया 'माशांत किडे' असं हेडिंग देऊ नका, बाजारात आमच्या बायका मासे घेऊन बसतात.

तुमच्या शेतीच्या पानावर द्राक्षाच्या भुरीपासून कपाशीच्या बोंडअळीपर्यंत सगळं फोटोसकट येतं, तसं महिन्यातून एकदा पिंजऱ्यातल्या माशांच्या रोगांवर द्या. बादलीतले फोटो माझ्याकडे आहेत, पाठवतो.

आपला,
एक मत्स्यपालक, सिंधुदुर्ग